ऐकू न येणाऱ्या मुलालाही विज्ञान हवे



वस्तीत एखादे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही. शेजारीपाजारी त्याला 'मुका' म्हणतात आणि तिथेच विषय संपतो. वास्तविक बहुतेक वेळा त्या मुलाची जीभ आणि गळा ठीक असतो. कानांवर शब्द पडत नाहीत, म्हणून ते बोलायला शिकत नाही. उणीव कानात, पण शिक्का बसतो बुद्धीवर. जन्मावरून लायकी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी सांगायला नको.

सातारच्या शाळेत बाबासाहेबांना वर्गात वेगळे, गोणपाटावर बसावे लागत असे. शाळेत नाव होते, बरोबरीची जागा नव्हती. कर्णबधिर मुलाचेही बऱ्याचदा असेच होते. ते बाकावर बसलेले असते, हजेरी लागते. पण गुरुजी फळ्याकडे तोंड करून बाष्पीभवन समजावतात आणि त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

पुढे दहावी येते. दिव्यांग विद्यार्थ्यांना विज्ञानाऐवजी शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र हा पर्यायी विषय घेण्याची सवलत आहे. खरी गरज असेल त्याने ती जरूर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. मात्र 'याला विज्ञान कुठले झेपणार' असे परस्पर ठरवून घेऊ नये. पाया तिथे सुटला, तर पुढे तांत्रिक शिक्षणाची इच्छा झाली तरी वाट अवघड होते. आधी मुलाला विचारा, मग फॉर्म भरा.

मुळात विज्ञान पाहून, हाताळून, पडताळून शिकायचे असते. धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. ये आणि पाहा, असा त्याचा अर्थ. आपल्या पिंगुळीच्या गुढीपुरात ठाकर कलावंत चित्रकथीची चित्रे एकामागून एक पुढे धरून कथा सांगतात. तसेच समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी अशी पाच चित्रे क्रमाने मांडली आणि प्रत्येकाखाली मोठ्या अक्षरात नाव लिहिले, तर जलचक्र मुलाच्या डोळ्यांसमोर उभे राहते.

घरात करता येतील असे प्रयोगही आहेत. हळदीच्या पाण्यात साबणाचे पाणी घाला, रंग लाल होईल. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होईल. आम्ल आणि अल्कली यांचा हा पहिला धडा. आवाजही दाखवता येतो. टोपाच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधा, वर मोहरी टाका आणि जवळ थाळी जोराने वाजवा. मोहरी उडू लागते. ध्वनी म्हणजे कंपन, हे न ऐकताही समजते.

रशियातील कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्हस्की यांची श्रवणशक्ती लहानपणीच्या तापाने जवळजवळ गेली. शाळा सुटली. मॉस्कोच्या ग्रंथालयात पुस्तके वाचून ते स्वतःच शिकले. अवकाशात यान कसे जाईल याचे गणित त्यांनी 1903 साली प्रसिद्ध केले.

शाळेतील गुरुजी-बाईंना तीन गोष्टींची विनंती करा. मुलाला पुढे, उजेडात बसवावे. फळ्यावर लिहिताना बोलू नये, लिहून झाल्यावर त्याच्याकडे तोंड करून बोलावे. प्रयोग चालू असताना समजावू नये. आधी दाखवावे, मग सांगावे, कारण ते मूल एकाच वेळी प्रयोग आणि ओठ दोन्ही पाहू शकत नाही.

घरच्यांनी तपासणी लांबवू नये. 'उशिरा बोलेल' म्हणत वर्षे घालवू नका आणि कानात तेल ओतू नका. सरकारी जिल्हा रुग्णालयात दाखवा. मुंबईत आपले चाकरमानी आहेतच. वांद्र्याला 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. खुणांच्या भाषेला विरोध करू नका, भावंडांनीही ती शिकावी. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 2021 साली दहा हजार शब्दांचा कोश काढला. त्यातील खुणा मोबाईलवर पाहता येतात.

कायदाही आपल्या बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवा.

विहारात रविवारी मुले जमतात. तिथे महिन्यातून एकदा हळदीचा किंवा मोहरीचा प्रयोग ठेवावा आणि वस्तीतील कर्णबधिर मुलाला किंवा मुलीला तो सर्वांसमोर करायला लावावा. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले, तेव्हा कुणालाच वगळले नव्हते. जयभीम!