तारनाक्याचा धडा

यशस्वी उद्योजकांचा सत्कार करावा आणि सत्काराला उत्तर देताना त्यांनी तरुणांना उपदेशाचे चार शब्द ऐकवावेत, ही आता आपल्या सार्वजनिक जीवनातील रूढी होऊन बसली आहे. शाल-श्रीफळाप्रमाणे उपदेशही ठरलेला असतो. मोठी स्वप्ने पाहा, धोका पत्करा, नोकरी मागणारे न होता नोकरी देणारे व्हा! यांतले एकही वाक्य खोटे नाही. परंतु सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या पदवीधराला दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमके काय करावे, हे त्यातून कळत नाही. यशस्वी माणूस बहुधा आपल्या प्रवासाचा शेवट सांगतो. आरंभ सांगायचा राहून जातो. म्हणून उद्योजकांच्या भाषणांपेक्षा त्यांच्या चरित्रांकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. अशी काही चरित्रे हैदराबादेतील तारनाका आणि त्याच्या आसपासच्या भागाशी जोडलेली आहेत, आणि आपल्या किनारपट्टीने ती लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहेत.

तारनाका ही हैदराबादेच्या पूर्व भागातील एक वस्ती. एका अंगाला उस्मानिया विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर, जवळच राष्ट्रीय पोषण संस्था, उप्पलकडे जाणाऱ्या रस्त्यावर भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आणि थोडे पुढे हबसीगुड्याला पेशी व रेणवीय जीवशास्त्राचे केंद्र. मराठी माणसाला हा परिसर परका नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना आसरा दिला तो नागपूर विद्यापीठाने. उप्पल रस्त्यावरील रासायनिक संस्थेचे मूळ १९४४ साली निजामी राजवटीत निघालेल्या प्रयोगशाळेत आहे. १९५६ मध्ये ती वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या छत्राखाली प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा झाली आणि १९८९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले.

आता चरित्रांकडे वळू. डॉ. अंजी रेड्डी हे गुंटूर जिल्ह्यातील ताडेपल्लीचे. वडील हळदीची शेती करणारे. औषधी रसायनांचे शिक्षण त्यांनी घेतले मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, आणि डॉक्टरेट मिळवली १९६९ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून. त्यानंतर ते हैदराबादेत ‘इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स’ या सरकारी कारखान्यात नोकरीला लागले. सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात त्यांनी १९७५ पर्यंत काम केले. पुढे दोन लहान कंपन्यांची धुरा वाहिली, आणि मग १९८४ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली. आरंभी त्यांनी हाती घेतले ते मिथाइलडोपा हे रक्तदाबावरील औषध. ते बनविणे अवघड होते, म्हणूनच बनविणारे थोडे होते. २००१ मध्ये त्यांच्या कंपनीचे नाव न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात झळकले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या धाडसाचे गोडवे गायिले. ते योग्यच होते. पण डॉक्टरेट आणि कंपनी यांच्यामध्ये पंधरा वर्षांचे अंतर आहे, आणि ती वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात रसायने ढवळण्यात व शिकण्यात गेली, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पी हळद आणि हो गोरी, अशी घाई हळद पिकविणाऱ्याच्या या मुलाने केली नाही!

दुसरे उदाहरण वरप्रसाद रेड्डी यांचे. हे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. लस बनविण्याचा त्यांना काडीचाही अनुभव नव्हता. कावीळ ‘ब’ वरील लस परदेशातून येत होती आणि सामान्य भारतीयाला परवडत नव्हती, एवढेच त्यांना ठाऊक होते. १९९३ मध्ये त्यांनी आईच्या नावाने ‘शांता बायोटेक्निक्स’ ही कंपनी स्थापन केली. संशोधनाला आरंभी जागा मिळाली ती उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात आणि नंतर हबसीगुड्याच्या केंद्रात. देशातील वित्तसंस्था हात आखडता घेत असताना ओमानच्या परराष्ट्रमंत्र्यांचे भांडवल कामी आले. १९९७ मध्ये पहिली देशी बनावटीची लस बाजारात आली आणि आयात लसीचे भाव खाली आले. स्वतःला जे येत नाही ते येणाऱ्याच्या दारात जाऊन विचारण्यात कमीपणा नाही, हा या चरित्राचा धडा आहे.

तिसरे उदाहरण डॉ. ए. व्ही. रामाराव यांचे. पुण्याच्या प्रयोगशाळेत उभी हयात काढून ते १९८५ मध्ये तारनाक्याच्या संस्थेचे संचालक झाले. मुंबईच्या ‘सिप्ला’चे डॉ. युसुफ हमीद यांना एड्सवरील झिडोव्हुडिन हे औषध स्वस्तात बनवायचे होते. ते बनविण्याची पद्धत रामाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवून दिली, आणि १९९३ मध्ये ‘सिप्ला’ने ते बाजारात आणले. पुढे २००१ मध्ये याच कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार स्वयंसेवी वैद्यकीय संघटनेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्या त्याच उपचारासाठी १० ते १५ हजार डॉलर मागत होत्या. आफ्रिकेतील लक्षावधी रुग्णांच्या आयुष्याची दोरी लांबविणाऱ्या त्या घोषणेची एक वाट तारनाक्यावरून गेली होती. स्वतः रामाराव यांनी १९९५ मध्ये, निवृत्तीच्या वयात, हैदराबादेतच आपली कंपनी काढली.

या तिन्ही चरित्रांत एक गोष्ट समान आहे, आणि आमच्या मते तीच या विषयाचे सार आहे. प्रत्येकाच्या यशामागे सार्वजनिक ऋण आहे. कोणी सरकारी प्रयोगशाळेत शिकले, कोणी सरकारी कारखान्यात हात काळे केले, कोणाला विद्यापीठाने जागा दिली. सगळ्यांच्या पाठीशी १९७० चा पेटंट कायदा होता. १९७२ पासून अंमलात आलेल्या या कायद्याने औषधाच्या मूळ पदार्थावर मक्तेदारी नाकारली आणि केवळ बनविण्याच्या पद्धतीलाच संरक्षण दिले. त्यामुळे तेच औषध निराळ्या मार्गाने बनविण्याची मुभा भारतीय रसायनशास्त्रज्ञाला मिळाली. ही मुभा २००५ मध्ये संपली. पण मधल्या तीन दशकांत एक पिढी घडून गेली. ज्या सरकारी कारखान्याने हैदराबादच्या कितीतरी उद्योजकांना धडे दिले, तो स्वतः मात्र पुढे आजारी पडला. सरकारी उद्योग म्हणजे निव्वळ पांढरे हत्ती, असे म्हणणाऱ्यांनी त्याच्या ताळेबंदात ही माणसेही जमेला धरावीत.

याचा अर्थ उद्योजकाचे स्वतःचे कर्तृत्व काहीच नाही, असा मुळीच नाही. त्याच प्रयोगशाळांतून आणि त्याच कारखान्यातून शेकडो माणसे बाहेर पडली; कंपन्या मोजक्यांनीच काढल्या. शिवाय या वाटेवर ठेचाही लागल्या. अंजी रेड्डी यांच्या कंपनीने मधुमेहावरील एक स्वतःचे नवे औषध शोधून डेन्मार्कच्या कंपनीला दिले होते. २००२ मध्ये प्राण्यांवरील चाचण्यांत गाठी आढळल्या आणि वर्षांची मेहनत सोडून द्यावी लागली. सत्काराच्या भाषणांत अशी पाने क्वचितच वाचली जातात, आणि नवख्याला खरी गरज असते ती याच पानांची.

आणखी एक पान आहे, ते काळे आहे. हैदराबादजवळच्या पटनचेरू भागात औषधी कारखान्यांचे सांडपाणी ओढ्यांत आणि तळ्यांत गेले. शेते आणि विहिरी नासल्या. १९९० मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००७ मध्ये स्वीडिश संशोधकांनी तेथील सांडपाणी-शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले, तेव्हा त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले! स्वस्त औषधाची किंमत कोणीतरी दुसराच मोजत होता. वेळसांवच्या किनाऱ्यावर मेलेले मासे पाहिलेल्या आणि १९९५ मध्ये केरीतील नायलॉन प्रकल्पाविरुद्ध उभ्या ठाकलेल्या गोमंतकाला हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. वेर्ण्याला ‘सिप्ला’चा कारखाना आहे, कोलवाळला ‘ग्लेनमार्क’चा. आपली मुले तेथे पाळीवर जातात, गोळ्यांच्या यंत्रांवर उभी राहतात, गुणवत्ता तपासतात. मालक मुंबईचे. त्यात वाईट काही नाही. अंजी रेड्डीही दुसऱ्याच्याच कारखान्यात शिकले. प्रश्न एवढाच की, आपला मुलगा तेथे पगार मोजतो आहे की काम शिकतो आहे? १८४२ पासून वैद्यकाचे शिक्षण देणारी परंपरा या भूमीत आहे, पेडण्याजवळ तुये येथे सरकारी औषध कारखाना आहे. शिवाय तारनाक्याची संस्था ज्या परिषदेची, तिचीच १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलला आहे. तिच्या फाटकातून आत जाऊन प्रश्न विचारणारे आपल्यातले उद्योजक किती?

प्रश्नांचा तुटवडा खचितच नाही. काजूच्या टरफलातून निघणारे तेल रंग, वार्निश आणि मोटारींच्या ब्रेकचे अस्तर यांसाठी लागते. आपल्याकडे ते टरफल पुष्कळदा भट्टीत जळून जाते. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती दिल्या. पण टरफल आणि बोंडू यांचे सोने करणारा अजून हवा आहे. आपण पिढ्यान् पिढ्या जमिनीतून खनिज उपसून बोटीत भरले. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा खेड्याखेड्यांतले ट्रक अंगणात उभे राहिले आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. डोंगर परक्याच्या हुकमाने बंद होतो. हातातली विद्या बंद होत नाही.

म्हणून आमची सूचना तीन ठिकाणी आहे. तरुणांनी पहिली पाचदहा वर्षे कमाईची न समजता शिकण्याची समजावीत, आणि मालाचा कच्चा दर, नासाडी, गिऱ्हाईक यांचे टिपण ठेवावे. प्रयोगशाळांनी व विद्यापीठांनी महिन्यातून एक दिवस लहान कारखानदारांसाठी दार उघडे ठेवावे. ज्ञान कपाटात ठेवण्यासाठी कर देणाऱ्यांनी पैसे दिलेले नाहीत. आणि सरकारने व सहकारी बँकांनी केवळ जमिनीचे तारण न पाहता कसबाचेही तारण पाहावे. शांता बायोटेक्निक्सला जे भांडवल ओमानहून आणावे लागले, ते आपल्या मुलाला घराजवळ मिळू नये काय?

यंदा चतुर्थीला मुंबई-पुण्याहून, आखातातून आपली मुले घरी येतील. आरती झाल्यावर ओसरीवर गप्पा रंगतील, आणि ‘इथे काय आहे?’ हा प्रश्न नेहमीप्रमाणे निघेल. इथे काय आहे ते वर सांगितले. नाही ते एवढेच की, शिकलेला माणूस शिकणाऱ्याला हाताशी घेईल अशी रीत. ज्यांचे सत्कार होतात त्यांनी पुढच्या वेळी उपदेशाऐवजी दोन तरुणांना आपल्या कारखान्यात वर्षभर घ्यावे. ऋण फेडण्याची त्याहून सोपी वाट आम्हांस दिसत नाही.