हॅनकॉकची वजाबाकी

विनोदी नटाविषयी लिहायला बसले, की लेखणी आपसूक एका मळलेल्या वाटेला लागते. लोकांना हसवणारा हा माणूस आतून किती दुःखी होता, हे सांगायचे, वाचणाऱ्याने हळहळायचे आणि लेख संपवायचा. विदूषकाचे अश्रू आपल्याला फार आवडतात. मला मात्र ही वाट फसवी वाटते, आणि का वाटते ते सांगण्यासाठी टोनी हॅनकॉक या इंग्रज नटाइतके चांगले उदाहरण नाही.

हॅनकॉकचा जन्म १९२४ साली बर्मिंगहॅमचा. तो वाढला बोर्नमथ या समुद्रकाठच्या गावी. वडील हॉटेल चालवत आणि हौसेने रंगमंचावर नकलाही करत. मुलगा अकरा वर्षांचा होण्याच्या सुमारास ते वारले. युद्धकाळात हॅनकॉक हवाई दलात होता. तिथल्या करमणूक पथकांतून तो रंगभूमीवर आला. १९५१ साली रेडिओवरच्या एका लोकप्रिय मालिकेत त्याला मास्तरची भूमिका मिळाली. त्याचा विद्यार्थी कोण, तर शब्दभ्रमकाराचा लाकडी बाहुला! रेडिओवर शब्दभ्रमकार ही कल्पनाच मोठी गमतीची. पण इंग्लंडने ती आनंदाने ऐकली.

२ नोव्हेंबर १९५४ रोजी बीबीसीवर 'हॅनकॉक्स हाफ अवर' सुरू झाले. लेखक होते रे गॉल्टन आणि ॲलन सिम्प्सन. क्षयाच्या रुग्णालयात जमलेली ही जोडी. मध्ये गाणी नाहीत, पाहुणे कलाकार नाहीत. अर्धा तास एकच गोष्ट, आणि विनोद माणसाच्या स्वभावातून उगवणारा. ईस्ट चीम नावाच्या काल्पनिक वस्तीतल्या पडक्या घरात राहणारा, खिशाने फाटका पण स्वतःला फार मोठा समजणारा हा हॅनकॉक. बँकेत मी तीस वर्षे काढली. 'मी कोण आहे, माहीत आहे का?' असे विचारणारा गृहस्थ काउंटरपाशी रोज एक तरी यायचा, आणि त्याच्या पासबुकात बहुधा किमान शिल्लक जेमतेम असायची. त्यामुळे हॅनकॉक मला कधी परका वाटला नाही.

१९५८ साली या मालिकेत रविवारच्या दुपारवर एक भाग झाला. बाहेर पाऊस, दुकाने बंद, घरात चार माणसे आणि वेळ जाता जात नाही. बस्स, एवढेच! रेडिओला शांततेचे भय असते; पण इथे उसासे आणि लांबलेले विरामच श्रोत्यांना हसवतात. त्या विरामांत हॅनकॉकची खरी करामत होती. ही मालिका १९५६ साली दूरदर्शनवर आली, तेव्हा त्याचा पडलेला, ओघळलेला चेहराही लोकांना मिळाला.

आणि मग त्याने वजाबाकी सुरू केली. केनेथ विल्यम्सचे चित्रविचित्र आवाज त्याला खोटे वाटू लागले, ते गेले. सिड जेम्सबरोबरची जोडी लोकांच्या मनात फार घट्ट बसली म्हणून १९६०नंतर तीही मोडली. इथे आपण न्यायाने बोलले पाहिजे. ही वजाबाकी सुरुवातीला बरोबरच आली. १९६१च्या मालिकेत एका भागात खोलीत एकटा हॅनकॉक, दुसरे कोणीच नाही. आणि वेळ कुठे गेला कळत नाही. त्याच मालिकेतला रक्तदानाचा भाग त्याचा सर्वांत गाजलेला. बोटातून थेंबभर रक्त दिले की देशसेवा झाली, अशा समजुतीने गेलेल्या या दानशूराला पूर्ण बाटली द्यावी लागते, आणि शेवटी पाव कापताना हात कापून घेतल्यावर त्याचेच रक्त त्याला परत चढवावे लागते. या भागाआधी हॅनकॉकला मोटार अपघात झाला होता. संवाद पाठ होईनात म्हणून ते कॅमेऱ्याजवळच्या फलकांवर लिहून ठेवले गेले. पुढे ती कुबडी त्याला कायमची लागली.

त्याच वर्षी त्याने शेवटची रक्कम वजा केली: लेखक. नव्या चित्रपटासाठी गॉल्टन-सिम्प्सननी लिहिलेले त्याला पसंत पडेना. तो वेगळा झाला. त्या दोघांनी १९६२ साली भंगारवाल्या बापलेकांची 'स्टेप्टो अँड सन' उभी केली, तीही विनोदवीर न घेता, गंभीर नट घेऊन. ती १९७४पर्यंत चालली. हॅनकॉकच्या १९६३च्या मालिकेला मात्र पूर्वीची चव आली नाही. दारू वाढत गेली, संसार मोडले. २५ जून १९६८ रोजी, ऑस्ट्रेलियात एका मालिकेचे काम चालू असताना, सिडनीत त्याने स्वतःचे जीवन संपवले. वय अवघे चव्वेचाळीस.

आता तो विदूषकाच्या अश्रूंचा प्रश्न. त्याचे दुःख ही त्याच्या विनोदाची किंमत होती, असे म्हणणे सोपे आहे. पण हिशेब तसा जुळत नाही. त्याचे उत्तम काम तो सावरलेला होता तेव्हाचे आहे. व्यसन वाढले तसे काम खालावले. दारूने त्याला काही दिले नाही, फक्त नेले. तिला प्रतिभेची सावली म्हणून गोंजारणे हा त्याच्यावर अन्यायच, आणि आपल्या घरीदारी, ओळखीपाळखीत आज असे कोणी झुंजत असेल, तर त्याच्यावरही. त्याला आपली हळहळ नको असते. वेळेवर मदत हवी असते.

आणि दुसरे असे, की हसवणे हा एकट्याचा धंदा नाही. पडद्यावर एक चेहरा दिसतो. त्यामागे कोणी शब्द लिहिलेले असतात, कोणी मुद्दाम मागे राहून त्याला टाळी मिळवून दिलेली असते. ही नावे आपण वाचत नाही. नामावली सरकू लागली की आपण पाणी प्यायला उठतो. आपल्यासारखे प्रेक्षक लक्षावधी असले, की 'हे सारे माझेच' असे चेहऱ्यालाही वाटू लागते. तेव्हा आज संध्याकाळी कार्यक्रम संपल्यावर दोन मिनिटे बसून राहा. कोणी लिहिले आहे, ते वाचा.