कुणकेश्वरचा व्यापारी आणि तारणाचा प्रश्न

देवगड तालुक्यातील कुणकेश्वरच्या शिवमंदिराची आख्यायिका कोकणात सर्वश्रुत आहे. वादळात सापडलेल्या एका अरब व्यापाऱ्याला (काही जण त्याला इराणी म्हणतात) किनाऱ्यावर दिवा दिसला. त्याने तेथल्या देवाला नवस केला, गलबत सुखरूप किनाऱ्याला लागले आणि त्याने मंदिर बांधले. सर्वधर्मसमभावाचा दाखला म्हणून ही कथा सांगितली जाते आणि सांगताना पुष्कळदा तिचा शेवट गाळला जातो. देऊळ तर बांधले, पण आता स्वधर्मीय आपल्याला स्वीकारणार नाहीत, या विचाराने त्या व्यापाऱ्याने शिखरावरून उडी घेऊन जीव दिला. मंदिरापाशी त्याची म्हणून कबरही दाखवतात.

हा शेवट आम्हांला मोलाचा वाटतो. धर्माधर्मांतील भेद जिवावर बेतू शकतो, हे लोककथेला ठाऊक आहे. ‘सर्व धर्म एकच सांगतात’ म्हणून पान उलटणाऱ्या आमच्या साहित्याच्या वर्गांना ते ठाऊक नसते. फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’चेच (१६१६) पाहा. त्यातील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आपण कौतुकाने शिकवतो आणि ज्या तारणविचारासाठी तो ग्रंथ रचला गेला तो बाजूला ठेवतो. स्टीफन्सने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच घेतला; त्या वैकुंठाचे दार कोणी उघडले, याविषयी मात्र त्याने तडजोड केली नाही.

ख्रिस्त हाच एकमेव तारणारा, ही शिकवण कॅथलिक चर्चने आजही सोडलेली नाही. २००० सालच्या ‘दोमिनुस येझुस’ या घोषणापत्रात ती पुन्हा स्पष्ट शब्दांत मांडली गेली. तिला हेकेखोर ठरवणारे तिचा दुसरा अर्धा भाग वाचत नाहीत. चर्चच्या दृश्य चौकटीबाहेर कोणाचेच तारण नाही, असा कडवा अर्थ लावणाऱ्या लेनर्ड फीनी या अमेरिकन धर्मगुरूला १९५३ मध्ये चर्चनेच बहिष्कृत केले. सुवार्ता स्वतःच्या दोषाविना न कळलेला, पण मनोभावे ईश्वराचा शोध घेणारा मनुष्यही तारणास पात्र होऊ शकतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये नमूद केले. सत्य एक मानावे आणि माणसाला त्याबाहेर ढकलू नये, ही कसरत अवघड आहे. परंतु सगळे सारखेच म्हणून मोकळे होणाऱ्या औदार्यापेक्षा आम्हांला ती अधिक प्रामाणिक वाटते.

स्टीफन्स ज्या साष्टीत वावरला, तेथील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. अन्यधर्मीयांवर श्रद्धेची सक्ती करू नये, हे थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकातच लिहून ठेवले होते. पोर्तुगीज सत्तेच्या छायेत ते गुंडाळून ठेवले गेले. धर्मस्वातंत्र्याचा परिषदेचा जाहीरनामा यायला १९६५ साल उजाडले. येथे बचाव शिकवणीचा करता येतो, तिच्या त्या राखणदारांचा नाही.

आणि त्या व्यापाऱ्याची उडी? आत्महत्येला ही शिकवण आजही गंभीर पाप मानते. १९१७ च्या धर्मसंहितेने तर जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत तो निषेध उरला नाही. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ म्हणतो, की तीव्र मनोवेदना वा भय यांमुळे अशा माणसाचे दायित्व कमी होऊ शकते, आणि त्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये. पश्चात्तापाची वाट देव त्याला केवळ स्वतःलाच ठाऊक असलेल्या मार्गांनी देऊ शकतो. चर्च अशांसाठी प्रार्थना करते.