शंभर किलोवॉट गेले कुठे?

आकाशवाणीच्या मध्यम लहरींबद्दलची तक्रार ठरलेली आहे. प्रक्षेपक शंभर किलोवॉटचा, आणि दोन तालुके ओलांडले की नुसती खरखर. मग कोणी म्हणते यंत्र जुने झाले, कोणी म्हणते एएमचे दिवसच संपले. या घाईच्या निदानात एक साधी गोष्ट सुटते. किलोवॉटचा आकडा प्रक्षेपकाच्या दारातला असतो. धरणातून किती क्यूसेक सोडले ते वर्तमानपत्रात येते. टेलच्या शेतकऱ्याला किती मिळाले ते वाटेतली जमीन ठरवते.

इथे तर जमीन शब्दशः ठरवते. दिवसा मध्यम लहरी जमिनीला धरून चालतात. ओली, खारट जमीन त्यांना पुढे जाऊ देते. कोरडा कातळ त्या गिळून टाकतो. समुद्राचे पाणी खडकाळ जमिनीपेक्षा हजार पटींच्या घरात चांगले विद्युतवाहक आहे. त्यामुळे किनाऱ्यावरचे केंद्र समुद्रात दूरवरच्या होडीवर स्वच्छ लागते आणि त्याहून जवळच्या, घाटाआडच्या गावात रडतखडत. अमेरिकेत नॉर्थ डाकोटातल्या बिस्मार्कचे केएफवायआर हे केंद्र अवघ्या ५ किलोवॉटचे. पण वारंवारता ५५० किलोहर्ट्झ आणि भोवती सुपीक सपाट माळ, त्यामुळे दिवसाच्या पल्ल्यात ते त्या देशातल्या आघाडीच्या केंद्रांत मोजले जाते. न्यू इंग्लंडच्या खडकाळ भागात दसपट शक्तीच्या केंद्रालाही जमिनीवरून तेवढी मजल जमत नाही.

यातली वारंवारताही महत्त्वाची. ती जितकी चढी तितकी जमीन जास्त खाते. मुंबईच्या अस्मिता वाहिनीला ५५८ किलोहर्ट्झ मिळाले, नागपूरला ५८५. सांगलीच्या वाट्याला १२५१ आले आणि परभणीच्या १३०५. उद्या चौघांनाही सारख्या शक्तीचे प्रक्षेपक दिले आणि जमीनही सारखी मानली, तरी शेवटची दोन मागेच राहतील. त्यात त्यांचा काय दोष? ‘शक्ती वाढवा’ ही मागणीही वाटते तेवढी फळत नाही. लहरीची तीव्रता शक्तीच्या वर्गमुळाने वाढते. वीजबिल चौपट केले तर तीव्रता दुप्पट, आणि पल्ला बहुधा दुपटीलाही पोचत नाही.

दडलेला गळतीचा मार्ग मात्र मनोऱ्याच्या बुंध्याशी असतो. मध्यम लहरींचा मनोरा हीच अँटेना. अख्खा मनोरा चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो आणि त्यात वीज खेळत असते, म्हणून भोवती कुंपण आणि धोक्याची पाटी. पण ही अँटेना अर्धीच वर दिसते. उरलेली अर्धी जमिनीखाली असते: बुंध्यापासून चहूदिशांना पुरलेल्या तांब्याच्या तारा. ब्राउन, लुईस आणि एप्स्टाइन या अमेरिकी अभियंत्यांनी १९३७ साली प्रयोगांचे निष्कर्ष छापले, तेव्हापासून सुमारे १२० तारा आणि प्रत्येकीची लांबी तरंगलांबीच्या पाव भागाइतकी, हे प्रमाण जगभर मानले जाते. पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झला हा पाव भाग ९५ मीटर भरतो. म्हणजे त्या मापाने अकरा किलोमीटरहून जास्त तांबे मातीत. ते गंजते, जेसीबीच्या दातात अडकून तुटते, आणि तांब्याचा भाव चोरालाही ठाऊक असतो. तारा गेल्या तरी प्रक्षेपकाचा काटा पूर्ण शक्ती दाखवत राहतो. फक्त त्या शक्तीचा एक हिस्सा लहर न होता माती तापवतो. बुंध्याशी प्रवाह मोजला की तो घटलेला दिसतो. पण मोजला तर! मनोऱ्याला रंग द्यायचा खर्च मंजूर करून घेणे सोपे, कारण रंग दिसतो. पुरलेल्या तारांसाठी फाइल हलवायची म्हणजे आधी साहेबांना त्या तिथे आहेत हे पटवावे लागते.

रात्रीचे गणित वेगळे. सूर्य मावळला की वातावरणातला लहरी शोषणारा थर विरतो, आणि हजार-दीड हजार किलोमीटरवरची परकी केंद्रे आभाळातून परावर्तित होऊन आपल्याच जागेवर येऊन बसतात. आपले केंद्र तेवढ्याच जोराने बोलत असते. गलका वाढलेला असतो.

गलका तर आता घरातच आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सगळ्यांच्या पोटात वेगाने उघडझाप करणारी स्वस्त सर्किटे, आणि त्यांची घरघर नेमकी मध्यम लहरींच्या पट्ट्यात. सेलवरचा ट्रान्झिस्टर लावा आणि मेन स्विच पाडून बघा. भारनियमनाच्या वेळी आकाशवाणी स्वच्छ लागते हा खेड्यापाड्यातला अनुभव काही भास नाही. (महावितरणने नकळत केलेली ही एवढीच सांस्कृतिक सेवा.) संच आडवा फिरवूनही फरक पडतो, कारण आतल्या फेराइटच्या कांडीला दिशा कळते. तरीही आवाज नसेल तर केंद्राला बोल लावायला हरकत नाही.

हे सगळे आत्ता सांगायचे कारण असे की गेल्या काही वर्षांत आकाशवाणी आपले मध्यम लहरींचे प्रक्षेपक एकामागून एक बंद करत आली आहे. डिजिटल प्रक्षेपकांवर खर्च झाला, पण ते ऐकायचे संच दुकानात शोधावे लागतात. बंद करण्यामागचा युक्तिवाद सरळ वाटतो: ऐकू नीट येत नाही, म्हणून श्रोते नाहीत, म्हणून बंद. यातल्या पहिल्या पायरीला प्रश्न कोण विचारतो? तारा कधी तपासल्या? एफएमची लहर डोंगराआड पोचत नाही आणि समुद्रातही लवकर दम टाकते. मग तिथल्या मच्छीमाराला वादळाची सूचना मोबाइलची रेंज संपल्यावर कशावर द्यायची? एखादे केंद्र बंद करण्याआधी दहा-वीस गावांत आणि किनाऱ्यापासून आत समुद्रात, दिवसा आणि रात्री, लहरीची तीव्रता मोजावी. बुंध्याचा प्रवाह केंद्र उभारले तेव्हाच्या नोंदीशी ताडून पाहावा. आणि दोन्ही आकडे बंदच्या आदेशासोबत जाहीर करावेत.