खाकीचा तपास खाकीकडे नको

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे यांच्या खुनाबद्दल पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये जन्मठेप ठोठावली. या निकालाचे समाधान आहेच. पण त्याला नऊ वर्षे लागली याची चीड त्याहून मोठी आहे. खून एप्रिल २०१६ मधला. अपहरणाचा गुन्हा नोंदवायला जानेवारी २०१७ उजाडला आणि अटकेला डिसेंबर. मधल्या काळात याच कुरुंदकरला राष्ट्रपती पोलीस पदक मिळाले. बेपत्ता अधिकाऱ्याचे पती आणि भाऊ त्याचे नाव घेऊन वरिष्ठांची दारे ठोठावत होते, तेव्हा त्याच्या पदकाची फाईल पुढे सरकत होती. ही शिफारस झालीच कशी, असा प्रश्न खुद्द न्यायालयाला पडला. गृहखात्याने त्याचे उत्तर नावानिशी दिले पाहिजे.

मृतदेहाचे तुकडे आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या वसईच्या खाडीत टाकल्याचे तपासात पुढे आले. पण खाडीत शोध सुरू झाला तोवर जवळपास दोन वर्षे उलटली होती. मृतदेह मिळालाच नाही; विशेष सरकारी वकील प्रदीप घरत यांना परिस्थितीजन्य पुराव्यावर खटला उभा करावा लागला. मोबाइल कंपन्यांना त्या काळी कॉलच्या नोंदी वर्षभरच जपण्याचे बंधन होते. म्हणजे तपासातला वाया गेलेला प्रत्येक महिना आरोपीच्या पदरात पडतो. पोलिसाला हे ठाऊक नसते, असे कोण म्हणेल?

भ्रष्टाचार म्हटले की आपल्याला पाकीट आठवते. पण तक्रार दाबून ठेवणे, जबाब उशिरा नोंदवणे, ‘आपला माणूस आहे, सांभाळून घ्या’ म्हणणे हाही भ्रष्टाचारच आहे आणि तो पाकिटाहून घातक आहे. घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात पकडलेला परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस जानेवारी २००३ मध्ये कोठडीतून पळाला, असे पोलिसांनी सांगितले. पुढे त्याच्या मृत्यूबद्दल पोलिसांवरच खटला भरला गेला. त्या खटल्यात आणखी अधिकाऱ्यांना आरोपी करा, असा अर्ज २०१८ मध्ये विशेष सरकारी वकील धीरज मिरजकर यांनी केला आणि सरकारने त्यांनाच हटवले. त्या खटल्यातला आरोपी सचिन वाझे मात्र २०२० मध्ये सन्मानाने सेवेत परतला. पुढच्याच वर्षी उद्योगपती मुकेश अंबानी यांच्या अँटिलिया या घरासमोर स्फोटके सापडली, तेव्हा सुरुवातीचा तपास या वाझेकडेच होता. राष्ट्रीय तपास संस्थेने त्याच गुन्ह्यात त्याला अटक केली. वकील प्रामाणिक निघाला तर वकील बदला, अधिकारी आरोपी असला तर त्याला परत घ्या, हा या राज्याचा कारभार झाला आहे. सरकारे बदलली, रीत बदलली नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या गडचिंचलेत एप्रिल २०२० मध्ये पोलिसांच्या डोळ्यांदेखत जमावाने तिघांची हत्या केली. कासा ठाण्याच्या तिघा पोलिसांना बडतर्फ केले की जबाबदारी संपली, असे तेव्हाही मानले गेले. खालच्यांवर कारवाई होते, वरचे सुटतात.

खात्यातल्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाची ही गत, तर मासवणच्या पाड्यावरून ठाण्याची पायरी चढणाऱ्या आदिवासी बाईने काय करायचे? तारापूरच्या कारखान्यात दगावलेल्या कंत्राटी मजुराच्या भावाने कोणाकडे पाहायचे? त्यांच्या हाती अदखलपात्र नोंदीचा कागद ठेवला जातो आणि ‘मिटवून टाका’ असा सल्ला दिला जातो. नऊ वर्षे झगडायला त्यांच्याकडे ना पैसा आहे, ना रजा. तपास तिथेच मरतो आणि त्याची बातमीही होत नाही.

पोलिसांवर कामाचा ताण आहे, मनुष्यबळ अपुरे आहे, हे नेहमी ऐकवले जाते. ते खरे आहे. पण अपुऱ्या मनुष्यबळामुळे पदके मिळत नाहीत आणि सरकारी वकीलही हटवले जात नाहीत.

प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच पोलीस तक्रार प्राधिकरण नेमा, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, असे बजावले होते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला. पण तक्रार कुठे करायची हे गावोगावच्या माणसाला आजही कोणी सांगितलेले नाही. आमची मागणी सरळ आहे. पोलिसाविरुद्ध गंभीर तक्रार आली की पहिल्या दिवसापासून तपास त्या आयुक्तालयाबाहेर, त्या जिल्ह्याबाहेर गेला पाहिजे. पोलीस आणि सरकारी वकील दोघेही एकाच गृहखात्याच्या मर्जीवर नकोत. अभियोग संचालनालय तिथून बाहेर काढा. सुरू खटल्यातला विशेष वकील न्यायालयाच्या परवानगीशिवाय बदलता येऊ नये. आणि बिद्रे प्रकरणात तक्रार रखडवणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची चौकशी व्हावी, तो निवृत्त झाला असला तरी. कुरुंदकर तुरुंगात आहे. त्याला दीड वर्ष मोकळे ठेवणाऱ्यांना हात लागेपर्यंत हा न्याय अर्धाच आहे.