भटकणं रक्तात नसतं

यवतमाळला नुकतंच एक छायाचित्र प्रदर्शन पाहिलं. विषय बंजारा. भिंतभर फेटिया-काचळीतल्या बायका, मनगटापासून दंडापर्यंत बलिया, आरशांच्या भरतकामावर उतरलेलं ऊन. होळीची लेंगी, तीजेच्या टोपल्या, आणि एका म्हातारीच्या सुरकुत्यांचे अगदी जवळून घेतलेले तीन फोटो. कॅमेरा धरणारा हात कसलेला होता, हे आधीच मान्य करतो. पण चाळीसेक फोटोंपैकी एकाखालीही माणसाचं नाव नव्हतं, तांड्याचं नव्हतं, साल नव्हतं. ‘बंजारा स्त्री’, ‘बंजारा स्त्री’, ‘बंजारा वृद्धा’. मी तांड्यात जन्मलो आणि एकतीस वर्षं तांड्यांतल्याच शाळांत शिकवलं. त्या म्हातारीसमोर उभा राहिलो तेव्हा मला पहिला प्रश्न पडला, ही कुणाची याडी, कुणाची आई?

उद्घाटनाचं भाषण एका नामवंत अभ्यासकांनी केलं. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. मुद्दा थोडक्यात असा. विस्थापन, हद्दपारी हे मोठे शब्द आहेत. फाळणीत घर सोडावं लागलेल्यांना, समुद्रापार गेलेल्यांना ते शोभतात. बंजाऱ्याला घरच नव्हतं, मग तो कशातून हद्दपार होणार? भटकणं त्याच्या रक्तात आहे. तेव्हा त्याच्याविषयी बोलताना इंग्रजी राजवटीचं गाऱ्हाणं मध्ये आणू नये. आत्मकथनांनी चाळीस वर्षं तेच रडगाणं गायलं, वाचक कंटाळला. आता छायाचित्र पुरेसं आहे. छायाचित्र खोटं बोलत नाही, आणि ते संस्कृती जपतं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत आमचेच दोन शिकलेले तरुण टाळ्या वाजवत होते, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

रक्तापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर रचलेलं आहे.

लदेणी हा धंदा होता. पाठीवर गोण्या लादलेले शेकडो बैल, पुढे नायक, ठरलेल्या वाटा, ठरलेले मुक्काम. किनाऱ्याकडचं मीठ आत यायचं, आतलं धान्य बाहेर जायचं. पावसाळ्यात वाटा बंद झाल्या की चारापाणी बघून तळ पडायचा. याला भटकणं म्हणायचं तर आज नागपूर-हैदराबाद रस्त्यावर मालट्रक हाकणारा प्रत्येक जण भटका आहे. त्याच्या रक्तात काय आहे हे कुणी तपासत नाही, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या वाट्याला मात्र धंद्याचं नाव आलं नाही, रक्त आलं.

आणि या धंद्याचं गिऱ्हाईक कोण होतं? फौजा. जंगी-भंगी नायकांच्या लाखावर बैलांची गोष्ट तांड्यांतून अजून सांगतात, ती मोगलांच्या दख्खनस्वारीची आहे. १७९१-९२ मध्ये टिपूवर चालून गेलेल्या कॉर्नवॉलिसच्या सैन्याला धान्य पुरवणारे बंजारेच. १८०३ मध्ये वेलस्ली दख्खनेतून लढत वऱ्हाडात उतरला, अडगावला आणि गाविलगडला त्याची लढाई झाली. त्या मोहिमेतही त्याचा भरवसा बंजाऱ्यांच्या बैलांवर होता. ईस्ट इंडिया कंपनीला जोवर आमची गरज होती तोवर आम्ही पुरवठेदार होतो.

मग १८५३ साल आलं. त्या एकाच वर्षी मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली आणि निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६७ मध्ये रूळ वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचले. शेकडो बैल जे वाहून नेत ते चार डबे नेऊ लागले. मिठावर सरकारचा कर आणि पहारा होताच. पुढे १८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव होत गेली आणि चराईची कुरणं गेली. एका पिढीत बैल विकले गेले आणि वाटा मोडल्या. हातात काम नसलेले, कुठल्याच गावच्या दप्तरात नाव नसलेले हजारो लोक माळावर उरले. याच काळात, १८७१ मध्ये, सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. जन्माने गुन्हेगार, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हलायचं नाही. कुणाला या यादीत घालायचं ते प्रांतोप्रांती ठरत गेलं, आणि मुंबई इलाख्याच्या काही भागांत लमाण, म्हणजे आम्हीच, त्यात गेलो. वऱ्हाडात नुसता पोलिसांचा डोळाही पुरे होता. ज्यांचं चालणं कालपर्यंत राज्याच्या उपयोगाचं होतं त्यांचं चालणंच संशयास्पद ठरलं. घरातून हाकलण्याला हद्दपारी म्हणतात, मग वाटेवरून हाकलण्याला काय म्हणायचं? आमचं घर त्या वाटेवर होतं.

आता छायाचित्राकडे येतो. वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांवरचं जे टिपण पुढच्या सगळ्या ग्रंथांनी आधाराला घेतलं, ते कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याचं आहे. हा अधिकारी वऱ्हाडच्या पोलीस खात्यातला होता. १८८२ मध्ये त्याचं टिपण पुन्हा छापलं गेलं. त्याच वर्षी मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या ‘गुन्हेगार जमातीं’वर मेजर गुंथॉर्पचं पुस्तक निघालं, तोही पोलिसातलाच. त्याआधी, १८६८ ते १८७५ या काळात, ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड छापून झाले होते. चारशेहून जास्त छायाचित्रं, माणसं जातीच्या नावाने मांडलेली. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड आले. बंजाऱ्यांच्या प्रकरणात कंबरलेजचा हवाला आहे आणि सोबत बायकांचे फोटो आहेत. खाली ‘बंजारा स्त्रियांचा समूह’ एवढंच. एकीचंही नाव नाही. त्यांना नावाची गरज नव्हती, कारण ते नमुना गोळा करत होते. गोऱ्या अधिकाऱ्याला दोष देऊन मी थांबत नाही. शंभर वर्षांनंतर, आमच्याच जिल्ह्याच्या गावी, आमच्याच भाषेत, मथळा तोच राहिला. याला संस्कृती जपणं म्हणतात का? जपली गेली ती पोलिसी नोंदवहीची रीत.

त्या प्रदर्शनात शेवटच्या भिंतीवर शकुंतलेचे फोटो होते. यवतमाळ-मूर्तिजापूरची नॅरोगेज गाडी, १९०३ ची, वऱ्हाडचा कापूस मुख्य लाईनवर आणि तिथून मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचवण्यासाठी एका ब्रिटिश कंपनीने घातलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. त्या गाडीबद्दल वक्ते हळहळले. ओसाड स्थानकं, गंजलेले रूळ, हरवलेला काळ, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मीही त्या गाडीतून दारव्ह्याहून प्रवास केला आहे, मलाही ती आवडायची. पण एका भिंतीवर ज्यांचे बैल गेले त्यांच्या बायका आणि समोरच्या भिंतीवर ज्या कुळातल्या यंत्राने ते बैल घालवले ती गाडी, आणि मध्ये उभं राहून भाषण करणाऱ्याला या दोन भिंतींचं नातं दिसू नये? गाडीच्या फोटोखाली साल होतं, कंपनीचं नाव होतं, मैलही होते. इंजिनाला इतिहास आहे आणि बाईला फक्त रंग आहेत, असंच ते प्रदर्शन सांगत होतं.

रक्ताच्या गोष्टीला आणखी एक उत्तर पुसद तालुक्यातच आहे. जमीन मिळताच तांड्यांनी गावं वसवली. गहुली तसंच वसलेलं गाव. तिथे १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ सलग महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. पाय रोवायला जमीन मिळाली की बंजारा रोवून उभा राहतो. आजही ज्यांच्याकडे ओलिताची चार एकर आहे ते दिवाळीनंतर कुठेही जात नाहीत. जातो तो कोरडवाहू दोन एकरांवाला, मुकादमाची उचल घेतलेला. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. हा कोयता ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो आणि फडाजवळच्या कोपीत पाच-सहा महिने काढतो. माझ्या वर्गातली हजेरी दर कार्तिकात निम्म्यावर यायची. त्या मुलांच्या रक्तात ऊस नव्हता, घरात उचल होती.

उरलेल्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. छायाचित्र खोटं बोलत नाही, खरं, पण ते आपण होऊन बोलतही नाही, बोलतो तो मथळा. विस्थापन समुद्रापारच्यांचंच असेल, तर पैनगंगेच्या पलीकडे काय आहे तेही पाहा. अलीकडे यवतमाळात बंजारा विमुक्त जाती, पलीकडे तेलंगणात अनुसूचित जमाती, आणखी पुढे कर्नाटकात अनुसूचित जाती. बहीण नदीपार दिली की तिची मुलं सरकारी कागदावर वेगळी माणसं होतात. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही.

रडगाण्याबद्दल मात्र बोललं पाहिजे, कारण हा वाद जुना आहे आणि मी त्यात तरुणपणापासून भांडतो आहे. १९८० मध्ये ‘उपरा’ हे आत्मकथन आलं, १९८७ मध्ये ‘उचल्या’ आलं. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हाही एका परिसंवादात एक समीक्षक म्हणाले होते की हे समाजशास्त्र आहे, वाङ्मय नव्हे. दुसरे म्हणाले, ही भाषा मराठी वाटत नाही. मी उठून विचारलं, तुमच्या आजीच्या आठवणी छापल्या की ते ललित, आमच्या आजीच्या छापल्या की समाजशास्त्र, हे माप कुठे मिळतं? अध्यक्षांनी वेळ संपल्याचं सांगितलं. आज तेच माप नव्या शब्दांत परत आलं आहे. कंटाळा हा टीकेचा निकष कधीपासून झाला? आत्माराम राठोडांचं ‘तांडा’, पुसदच्या पंजाब चव्हाणांचं ‘याडी’ ही पुस्तकं त्या सभागृहातल्या किती जणांनी उघडली होती? न वाचलेल्या पुस्तकाचा कंटाळा आला म्हणणं मला अप्रामाणिक वाटतं.

मग छायाचित्र नको का? हवं. १९७५ मध्ये जॉन बर्जर आणि छायाचित्रकार ज्याँ मोर यांनी ‘अ सेव्हन्थ मॅन’ केलं, युरोपात मजुरीला जाणाऱ्या स्थलांतरितांवर. त्यात चोरवाटेने निघणाऱ्या पोर्तुगीज मजुरांची हकिकत आहे. ते स्वतःचा फोटो काढून मधोमध फाडत. अर्धा वाटाड्याला देत, अर्धा स्वतःकडे ठेवत. सुखरूप पोचल्यावर आपला अर्धा घरी पाठवत. वाटाड्या त्याचा अर्धा घेऊन येई, दोन्ही तुकडे जुळले की घरचे त्याला पैसे देत. तो फोटो जाणाऱ्याच्या कामाचा होता. शब्द आणि चित्र असे एकमेकांना जोडून यावेत, एवढंच माझं म्हणणं आहे. नाव असावं, तांडा असावा, साल असावं, कुठून कुठे गेली ते असावं, आणि शक्य तिथे तिच्याच तोंडचं वाक्य, आमच्या गोरमाटी बोलीत, खाली मराठी.

माझ्या घरी आईवडिलांचा एकच जोडफोटो आहे, पुसदच्या स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला बगीचा आहे. आई साध्या पातळात आहे. फेटिया पेटीत होता. फोटोला तो का नाही घातला, असं मी मोठेपणी विचारलं. ती म्हणाली, फडावर फेटिया घालून गेलं की गावात कुठे चोरी झाली तरी शिपाई आधी आमच्याच कोपीत यायचे, म्हणून सोडला, मग सवयच गेली. आमच्या बायकांनी पोशाख टाकला म्हणून वक्ते भाषणात खंत करत होते. त्या खंतीचं उत्तर या फोटोत आहे, पण तो कुठल्या प्रदर्शनात लागणार नाही, कारण त्यात रंग नाहीत. मी त्याच्या मागे लिहून ठेवलं आहे: धुरपती आणि किसन, पुसद, कारखान्याला निघण्याच्या आदल्या दिवशी.

या वर्षीही दिवाळी झाली की महागाव, दिग्रस, पुसदच्या तांड्यांवर ट्रक लागतील. पहाटे निघतात. ज्यांना बंजारा पाहायचा आहे त्यांनी त्या पहाटे कॅमेरा घेऊन यावं, सोबत वही आणावी, आणि ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईला फोटोआधी नाव विचारावं.