घरी बसून फुकट दिसतं, मग जायचं कशाला?

रविवार सकाळ. चहाचा दुसरा कप झाला तरी शुक्रवारचा राग काही उतरत नाही. तेव्हा मंडळी, आज जरा भांडण.

झालं असं, की ऑफिसच्या कँटीनमध्ये मी सहज म्हणालो, "आयर्न मेडन परत भारतात आले तर मी जाणार. वय गेलं खड्ड्यात." टीममधला एक हुशार लगेच म्हणाला, "तेवढ्या पैशात चांगले स्पीकर येतील की. यूट्यूबवर सगळं आहे, तेही क्लोजअपसकट." घरी आलो, तर अण्णांचं वेगळंच. "त्या झिपऱ्यांच्या बोंबा ऐकायला एवढ्या लांब? आपल्या संस्कृतीत बसतं का हे?"

दोघांनाही उत्तर द्यायचंय. आधी हुशारांना.

१ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. 'घरी कार्यक्रम आहे' अशी थाप मारून रजा टाकली. राजगुरुनगर, चाकण, तळेगाव, एक्सप्रेसवे, आणि मग वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीएचं मैदान. त्यांच्या जगभराच्या दौऱ्यातला पहिला कार्यक्रम मुंबईत होता! बँड, कामाची माणसं आणि सामान, सगळं एका बोइंग ७५७ मध्ये घालून आले होते, आणि विमान चालवायला कॉकपिटमध्ये खुद्द गायक, ब्रूस डिकिन्सन.

मी उभा होतो तिथून हा गायक माझ्या अंगठ्याएवढा दिसत होता. पुढे एक उंच पोरगा, त्यामुळे तोही अर्धाच. क्लोजअपवाल्यांनो, इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण मग 'फिअर ऑफ द डार्क' सुरू झालं. त्यातली गिटारची धून लोक तोंडाने गातात, तिला शब्दच नाहीत. शाळेपासून ती मी एकटाच गुणगुणायचो. आमच्या अख्ख्या आळीत हे ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. घरचे म्हणायचे, याच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे, आणि खरं सांगतो, मलाही अधूनमधून तसंच वाटायचं. त्या रात्री हजारो माणसं तीच धून, त्याच वळणाने गात होती. शेजारच्या अनोळखी पोराने माझ्या खांद्यावर हात टाकला. डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. हे कुठल्या स्पीकरमध्ये मिळतं सांगा, आत्ता ऑर्डर करतो.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर घरचा व्हिडिओ हा एकतर्फी कारभार. तुम्ही मध्येच पोळ्या लाटायला उठलात तरी गायकाला पत्ता नाही. मैदानात त्याने ओळ टाकली की समोरून पोच येते, आणि त्या पोचेवर तो पुढची ओळ टाकतो. २६ जानेवारी २०२५ ला कोल्डप्लेचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला. घरबसल्या दिसत होता, तरी स्टेडियम भरलंच. ती सगळी माणसं मूर्ख होती?

आता अण्णा. आमच्याच पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर ओलांडलं की नारायणगाव. पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची माणसं येऊन जत्रेची सुपारी देऊन जातात. मग फड निघतो: ट्रकमध्ये तंबू, दिवे, वाद्यं, माणसं. विमानाच्या जागी ट्रक, बाकी फरक काय? आणि तरुणपणी सायकलवर डबलसीट जाऊन, रात्रभर मातीत बसून विठाबाई नारायणगावकरांचा तमाशा कोणी बघितला, अण्णा? रेडिओ तर तेव्हाही घरात होता! आपल्याकडे गाड्याच्या काही सेकंदांच्या बारीसाठी माणसं दिवसभर उन्हात घाटावर उभी राहतात. तिथे नाही कोणी म्हणत, टीव्हीवर बघा म्हणून.

विठाबाईंची गोष्ट अण्णांनीच सांगितलेली. पोटुशी असताना तमाशा चालू, कळा आल्या, पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. लोकांच्या ते लक्षात आलं, आणि लोकांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. समोर माणसं बसलेली होती म्हणून थांबला. रेडिओपुढे बसलेल्याने काय केलं असतं?

आमच्या पंथातल्यांनाही दोन शब्द. पूर्ण गाणं मोबाईल डोक्यावर धरून उभे राहणाऱ्यांनो, मागच्याला तुमचा हात दिसतो, बँड नाही. आणि तिकिटांचा काळाबाजार? कोल्डप्लेच्या मुंबईच्या कार्यक्रमांची तिकिटं सप्टेंबर २०२४ मध्ये बघता बघता संपली आणि मग अव्वाच्या सव्वा भावाने फिरली. त्यावर जेवढ्या शिव्या द्याल तेवढ्या कमीच, मीही देतो. पण दलाल चोर आहे म्हणून ऐकणारा वेडा ठरत नाही.

हे सगळं काल अण्णांना ऐकवलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "विठाबाईंची गोष्ट वेगळी."

वेगळीच असणार अण्णा. ज्याची त्याची विठाबाई वेगळी असते.

असो. चहा गार झाला.